व्हरांड्यात उभं राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाशाळांत २६ जानेवारीच्या कवायतीची तालीम आता सुरू होईल, म्हणून हे पत्र. माझ्या सातवीतल्या मुलीला ल्युपस आहे. सुरुवातीला दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लाली आली, तेव्हा आम्ही 'ऊन लागलं' म्हणत कोरफडीचा गर लावत बसलो. मग सकाळी बोटं अशी आखडायला लागली, की डब्याचं झाकण उघडेना. 'वाढीच्या वयात दुखतंच' हेही ऐकून झालं. शेवटी लघवीत प्रथिनं सापडली आणि पुण्यात मूत्रपिंडाची बायोप्सी झाली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते. तो शेजारच्या बाकावर बसून लागत नाही (हेही सांगावं लागतं!). पण ऊन वर्ज्य. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, त्यानं प्रतिकारशक्ती आणखी बिथरते आणि दुखणं त्वचेवर न थांबता सांधे, मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतं. गेल्या वर्षी तिला दोन तास मैदानात उभं केलं. ''एवढ्याशा उन्हानं काय होतंय? उलट ड जीवनसत्त्व मिळेल,'' सर म्हणाले. आठवड्याभरात ताप आला, घोटे सुजले. उन्हामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न उन्हाचाच विचारला आणि प्रेडनिसोलोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या वाढवल्या.

त्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला. वर्गात 'भोपळा' नाव पडलं. एक दिवस तिच्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली, न घेतलेल्या सहा गोळ्या मिळाल्या. माझे हातपाय गळाले. या गोळ्या चालू असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. त्या एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे तिचं दुसरं औषध तर बरं वाटत असतानाही रोज घ्यायचं, वेळोवेळी डोळे तपासायचे. लघवीची तपासणीही चुकवायची नाही, कारण मूत्रपिंडाचं दुखणं बरेचदा गुपचूप वाढतं.

शाळेकडे मागणं फार नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी, मधल्या सुट्टीत सनस्क्रीन लावायची मुभा आणि सावली. ढगाळ दिवशीसुद्धा. प्रत्येक नव्या वर्गशिक्षकांपुढे फाईल उघडून बसायचा आता कंटाळा येतो. यंदा तिला सूत्रसंचालन करायचंय. माईक तसाही व्हरांड्यातच असतो.

– एक आई, सोलापूर