त्या पहाटे मध्ये धरलेल्या हातासाठी

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "त्यात काय मेलं!" म्हणता आणि विषय बदलता. परवाही तेच केलंत. म्हणून हे उघडं पत्र. चार लोक वाचतील, आणि इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बारकी आमच्या ९ कोंबड्यांत सगळ्यात खालची. दाणे टाकले की बाकीच्यांचं होईपर्यंत ही बाजूला उभी. रात्री दांडीवर अगदी कडेची जागा हिची, तीही कुणी ढकललं नाही तर. नेमकी तीच खुडूक झाली. २१ दिवस दाणापाण्यापुरती उठायची, की परत अंड्यांवर. ७ पिल्लं निघाली. मला वाटलं, आता हिला मान मिळेल. पिल्लांना जपायचं म्हणून मी ५ आठवडे त्यांना पार दुसरीकडे ठेवलं, आणि घोळ तिथेच झाला. अंड्यांवरचे २१ दिवस धरून जवळजवळ दोन महिने नजरेआड गेलेली कोंबडी तिच्याच कळपाला परकी झाली होती.

कोंबड्यांतलं सगळं कळतं म्हणणारे एक गृहस्थ भेटले. त्यांचा सल्ला, "द्या सोडून सगळ्यांना एकत्र, आपापसांत निस्तरतील." निस्तरलं की! कळपातली दांडगी कोंबडी म्हणजे थोरली, तिने बारकीला कोपऱ्यात घेतलं आणि तिचं बघून बाकीच्याही धावल्या. बारकी पिसं फुलवून पिल्लांपुढे उभी राहिली, म्हणून तर तिचा तुरा फाटला. रक्ताचा ठिपका दिसला की कोंबड्या त्याच जागी टोचत सुटतात, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. एक पिल्लू गेलं. गृहस्थांना फोन केला तर म्हणाले, "एखाददुसरं जायचंच." घरच्यांचं "कोंबडीच ती" एवढ्यावर भागलं. कोंबडीच ती, हे मलाही माहीत होतं हो. पण सोडून मी दिलं होतं.

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा काय केलंत, तर काहीच नाही. पाऊण तास खुराड्यासमोर बसून राहिलात. मग बोटाला पाणी लावून बारकीच्या तुऱ्यावरचं वाळलेलं रक्त पुसलंत. पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. मधोमध जाळी लावून १२ दिवस नुसतं एकमेकांना बघू दिलंत. पिल्लं शिरतील पण मोठ्या शिरणार नाहीत अशी खालून फट ठेवलीत. खाण्याची भांडी एकमेकांच्या आड गेली. मोठ्यांच्या अंड्यांसाठीच्या खाद्यातला चुना पिल्लांना बाधतो म्हणून सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य, आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळा. थोरलीला तर ४ दिवस तुमच्याच घरी पाहुणी नेलीत. परत आली तेव्हा तिचाच तोरा थोडा उतरला होता!

शेवटी एका रात्री, कोंबड्यांना दिसत नाही अशा अंधारात, बारकीला पिल्लांसकट आत ठेवलंत आणि निघून गेलात. मी जागीच. उजाडलं की काय होणार याची धास्ती.

पहाटे दार उघडायला गेले, तर तुम्ही आधीच येऊन बसलेल्या. मी बोलावलं नव्हतं, तुम्हीही येते म्हणाला नव्हतात. थोरली दांडीवरून उतरली, मान ताठ करून बारकीकडे निघाली. माझा हात काठीकडे गेला. तुम्ही मात्र फक्त आपला पंजा दोघींच्या मध्ये धरलात. हाकललं नाही, ओरडलाही नाहीत. थोरलीने तुमच्या हातावर दोनदा चोच मारली. दुसऱ्यांदा रक्ताचा बारीक थेंब आला. तुम्ही हात हलवला नाहीत, म्हणालात, "तिचं काही चुकत नाहीये गं." तिसऱ्यांदा तिने मान वाकडी करून हाताकडे पाहिलं आणि दाणे टिपायला निघून गेली.

मावशी, मला सगळ्यात जास्त तो हात आठवतो. दुबळीच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे दांडगीला झोडपायचं, असंच मी धरून चालले होते.

पुढे वाचनात आलं, की कोंबड्यांतला हा वरखालचा क्रम थोरलीफ श्येल्डरूप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसाने १९२१ मध्ये मांडला. लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा म्हणे. (थोरली आणि थोरलीफ! मी एकटीच हसले.) तुम्हीही बघतच बसला होतात. आपल्याला कळतं ते दुसऱ्याला लाज न वाटू देता सांगणारी माणसं किती कमी असतात! बरेच जण मदत करतात आणि वर ती जन्मभर ऐकवतात. तुम्ही त्या मेलेल्या पिल्लाबद्दल मला एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं, हे मला ठाऊक आहे.

६ पिल्लं आता आईला विचारत नाहीत. बारकी पुन्हा शेवटच्याच नंबरावर आहे. थोरली अजून अधूनमधून डाफरते, मग ही शांतपणे दुसऱ्या भांड्याकडे जाते आणि पोटभर खाते.

तुमचं डालगं माझ्याकडेच राहिलंय. आणून देणार होते, पण कालपासून त्यात थोरली खुडूक होऊन बसली आहे. हात घातला की टोचते. अंडी ठेवायची का तिच्याखाली, ते येऊन सांगा.

तुमची,
मागच्या गल्लीतली