डाव्या पायाचा अंगठा

प्रिय सुहास,

दोन वर्षं होऊन गेली, तुला धड पत्र नाही. फोनवर "मजेत ना?" आणि "बोलू निवांत", एवढंच. आजही निवांत नाही, पण लिहितोय. तेही उभ्याने, कपाटाच्या वरच्या खणावर वही टेकवून. बसलं की दहा मिनिटांत डाव्या कुल्ल्यातून ती कळ निघते आणि मांडीच्या बाहेरून पोटरीपर्यंत उतरते. कुठली कळ, ते तुला सांगायला नको. माझ्या माहितीतल्या माणसांत ती एकट्या तुला ठाऊक आहे, म्हणून हे सगळं तुलाच सांगायचंय.

तर माझीही गादी सरकली. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली, डावीकडे. तुझी हीच होती की त्याच्या खालची? इतक्या वर्षांत मी तुला हे विचारलेलंच नाही. तुझं ऑपरेशन झालं तेव्हा अर्धा तास येऊन गेलो, आणि त्यातला निम्मा वेळ बंड्याच्या नोकरीबद्दल बोलत होतो.

आणि ते कपाट. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तू कपाट खाली टेकवलंस आणि भिंतीला धरून बसलास. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "उचलायची वेळ आली की याची कंबर धरते." बंड्या हसला, मोडक हसला. तू काही बोलला नाहीस. नंतर आपलं वाजलं ते कपाटावरच्या ओरखड्यावरून, असं आपण दोघंही धरून चाललो. ते माझ्या त्या वाक्यावरून होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. गेल्या महिन्यात मोजा घालताना तो जिना आठवला. डाव्या पायापर्यंत हात पोचेना, कॉटच्या कडेला अर्धा वाकलेला तसाच अडकलो, कपाळावर घाम फुटला. अंजली आतून विचारत होती काय झालं म्हणून, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. बोलायलाही श्वास लागतो रे. सुहास, माझं चुकलं. हे त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

आता मुद्द्यावर येतो.

सर्जनने मला पलंगावर झोपवलं आणि म्हणाले, "दोन्ही अंगठे वर उचला. मी दाबतो, तुम्ही सोडू नका." उजवा त्यांच्या बोटाखाली हलला नाही. डावा हळूहळू खाली गेला. मी सगळा जोर लावत होतो, माझ्या डोळ्यांसमोर तो खाली जात होता. त्या गादीतून बाहेर आलेला गर पाचव्या नसेवर दाब देतो, आणि पायाचा अंगठा वर उचलण्याचं काम त्याच नसेचं, असं त्यांनी समजावलं. म्हणाले, आज घाई नाही, सहा आठवडे थांबून बघू, चालत राहा, झोपून राहू नका. पण हा अंगठा आणखी उतरला, टाचांवर चालता येईना, तर मग थांबायचं नाही. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर रात्री दोन वाजतासुद्धा थेट इस्पितळ.

मी घाबरलो. ऑपरेशन हा शब्द कानात बसला आणि बाकीचं सगळं वाहून गेलं. त्याच आठवड्यात कुणीतरी एका केंद्राचा पत्ता दिला. बिनाऑपरेशनचं डीकॉम्प्रेशन, मणका ओढून गादी मोकळी करणारं यंत्र. चोवीस सिटिंग, सहा आठवड्यांत. भिंतीवर एमआरआयच्या जोड्या लावलेल्या, आधीचा आणि नंतरचा, नंतरच्यात गर आत गेलेला. तिथला माणूस म्हणाला, "ऑपरेशन टळलंच समजा." मी त्याच दिवशी सही केली.

यंत्र कसं असतं सांगतो, तुझ्या वेळी हे नव्हतं. टेबल दोन भागांचं. एक पट्टा बरगड्यांभोवती, दुसरा कमरेच्या हाडांवर, इतका घट्ट की उतरल्यावर त्याचे वळ दिसतात. गुडघ्यांखाली लोड. हातात एक बटण देतात, ते दाबलं की ओढ लगेच सुटते. मी ते अर्धा तास घट्ट धरून ठेवतो, एकदाही दाबलेलं नाही. मोटर गुणगुणते आणि कमरेखालचा भाग रुळावरून सरकायला लागतो. सुरुवातीला भरभर, मग ओढ वाढेल तशी सावकाश, म्हणजे पाठीच्या स्नायूंना सुगावा लागून ते आखडत नाहीत. मिनिटभर धरायचं, अर्धवट सोडायचं, पुन्हा ओढायचं. समोरच्या पडद्यावर किलो दिसतात. पहिल्या दिवशी १८, आठव्या दिवशी ३४. सुहास, त्या ओढीत काय सुख आहे ते कसं सांगू! दीड महिना जी कळ एक क्षण थांबली नव्हती, ती तिथे थांबते. चौथ्या सिटिंगला मला टेबलावरच झोप लागली.

बंड्याला हे सांगितलं तर म्हणतो, "ओढून उंची वाढत असेल तर मलाही घेऊन चल." तो हसण्यावारी बोलला, पण त्यात तथ्य आहे. रात्रभर आडवं झोपलं की गादी पाणी शोषून फुगते आणि आपण सकाळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. केंद्राच्या पत्रकावर तर अंतराळवीराचं चित्र आहे, तिथे वजन नाही म्हणून मणके मोकळे होतात असं लिहिलंय. तेही खरं, अंतराळात उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढते. पण पत्रकात पुढचं लिहिलेलं नाही. त्याच अंतराळवीरांची तिथे कंबर दुखते, आणि परत आल्यावर गादी सरकण्याचं त्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. हे वाचलं आणि मी रात्री वाचत बसायला लागलो. (उभा राहून. तुला कळेल.)

आणि अकराव्या सिटिंगला ती गोष्ट घडली. उतरून चपला घातल्या, चार पावलं टाकली, आणि पोटरी मोकळी होती. कळ मांडीत होती, संध्याकाळपर्यंत नुसती कुल्ल्यात राहिली. पायातलं दुखणं वर सरकत कमरेकडे येणं ही चांगली खूण मानतात. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी म्हणून फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. ते आले तेव्हा तो मागे वाकलेल्या अवस्थेत होता आणि त्याच्या पायातलं दुखणं गेलेलं होतं. तिथून त्यांनी हे सगळं मांडलं. मी घरी येऊन अंजलीसमोर रडलो. तिनेही रडून घेतलं.

त्या रात्री झोपायच्या आधी अंगठा उचलून बघितला. आणि तिला म्हटलं, दाब.

तो खाली गेला. पहिल्यापेक्षा जास्त की तेवढाच, ते दोघांनाही सांगता येईना.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. कळ उतरली ती नस सुटली म्हणून, की नस बधिर होत चालली म्हणून? दुखणं कमी होत जाणं आणि ताकदही कमी होत जाणं, हे दोन्ही एकत्र आलं तर ते बरं होणं नव्हे, असं सर्जनने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तेव्हा ऐकलं नव्हतं. केंद्रात दुसऱ्या दिवशी विचारलं तर पट्टा बांधणारा पोरगा म्हणाला, "दुखणं किती, दहापैकी सांगा." मी म्हटलं तीन. त्याने तीन लिहिलं. चौदा सिटिंगांत एकदाही कुणी माझा अंगठा दाबून बघितलेला नाही. मला राग त्याचा आहे. यंत्राचा नाही.

यंत्राबद्दलही मग शोधलं. ओढल्यावर गादीतला दाब उतरतो हे खरं आहे. १९९४ साली मोजक्या रुग्णांच्या गादीतच सुई घालून तो मोजला होता, उणे १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेला. पण दाब उतरला म्हणून माणूस बरा होतो का, ते वेगळं बघावं लागतं. २०१३ साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे उपचारांवरच्या चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, ट्रॅक्शनच्या (असं मणका ओढण्याच्या उपचाराच्या) ३२ चाचण्या एकत्र केल्या, २७६२ माणसं. दुखण्यात, हालचालीत, कामावर परतण्यात फरक नगण्य. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये डॉक्टरांना सांगून टाकलं की कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नका. केंद्रवाले म्हणतात आमचं ट्रॅक्शन नव्हेच, कॉम्प्युटरवर चालतं. पण पट्टे बांधून दोन्हीकडे ओढणं तेच आहे, प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीसच्या फळीवरही माणसाला असंच बांधून ओढत. आणि भिंतीवरच्या त्या एमआरआयच्या जोड्या? बाहेर आलेला गर शरीर आपणच गिळून टाकतं. पेशी येतात आणि तो संपवतात, आणि गंमत म्हणजे तुटून पडलेला मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. बहुतेकांचा सायटिका, म्हणजे हीच कमरेतून पायात उतरणारी कळ, सहा ते बारा आठवड्यांत ओसरतो. माझी सिटिंग सहा आठवड्यांची. मग मला बरं कुणी केलं, हे कुणी सांगायचं?

आणि हे तुझ्यासाठी खास. आठवतंय, ऑपरेशनचं तू एका संध्याकाळीत ठरवलंस आणि मी तीन दिवस तुझ्याशी भांडलो? सुरी शेवटी, थांब, थांब, म्हणून. तू म्हणालास, "पाय माझा आहे." २००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ सायटिकावाल्यांवर नेमकं आपलं भांडण तपासलं. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, पण वर्षअखेरीला दोन्हीकडे सारखेच, शंभरातले ९५ बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे तूही बरोबर होतास. मात्र ज्यांच्या पायातली ताकद फार गेली होती त्यांना त्या अभ्यासात घेतलेलंच नव्हतं. मी पुन्हा अंगठ्याशीच येतो.

गुरुवारी सर्जनकडे जातोय. तोवर टेबलावर चढणार नाही. केंद्रातून दोनदा फोन आला, खंड पडू देऊ नका, पुढच्या वीस सिटिंगांचंही आत्ताच ठरवा. मी नाही म्हटलं. नाही म्हणताना हात थरथरत होता, कारण त्या अर्ध्या तासाची सवय लागलीय. आता सकाळ-संध्याकाळ चालतो, आणि अंजली रोज सकाळी उठल्या उठल्या अंगठा दाबते. "तेवढाच आहे," म्हणते. ती हे माझ्याकडे न बघता म्हणते.

बाकी तब्येती ठीक. आईचा गुडघा होता तसाच. वहिनींना नमस्कार, लेकीच्या नोकरीचं मोडककडून कळलं, तिचं अभिनंदन कर. तुझ्या नव्या घराचे फोटो बघितले, जिने कमी आहेत हे बरं झालं.

बुधवारी रात्री फोन कर, कितीही उशिरा. मला एवढंच सांग. ऑपरेशनच्या आधी तुझा अंगठा उचलला जात होता का? नंतर परत आला का, आणि किती दिवसांनी? आणि त्या दिवशी जिन्यात तू खाली बसलास, तेव्हा तुझा पाय असाच झाला होता का?

तुझा,
विनू