तू विसरलेली कादंबरी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू उशाशी विसरून गेलेली स्टीफन किंगची ‘पेट सेमेटरी’ काल रात्री वाचून संपवली. भुताखेतांची पुस्तकं वाचतेस म्हणून तुला किती वेळा ओरडलोय मी! आणि आता सलग चार रात्री मीच दिवा लावून बसलो होतो. भीती वाटली, पण भुताची नाही, त्या लुईस क्रीडची. डॉक्टर माणूस, दोन लेकरांचा बाप, आणि वाईट तर अजिबात नाही.

मांजराचा प्रसंग आठवतोय ना? बायकोमुलं आजोळी गेलेली असताना त्याच्या लेकीचं, एलीचं मांजर रस्त्यावर मरतं. शेजारचा म्हातारा लुईसला रात्री जंगलातल्या त्या जागी घेऊन जातो, तोही पोरीच्या मायेपोटीच. पुरलेलं मांजर परत येतं. चाल बदललेली, अंगाला घाण वास. एलीला तो वास येतो, ती तसं बोलूनही दाखवते. आणि बाप गप्प राहतो. मी तिथे पुस्तक मिटलं. पुढे धाकट्याचं जे होतं ते भयंकरच आहे, पण माझ्यापुरती कादंबरी त्या गप्प बसण्यातच घडून गेली.

आजी गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मी तुला सांगितलं, आजी दवाखान्यात आहे, बरी होऊन येईल. तू रोज संध्याकाळी तिचा चष्मा घ्यायचीस, फ्रॉकच्या टोकाने काचा पुसायचीस, काड्या मिटून तिच्या उशीवर ठेवायचीस. डावी काडी दोऱ्याने बांधलेली होती, ती हलू नये म्हणून केवढी जपायचीस! मी दारातून बघायचो आणि आत निघून जायचो. महिनाभराने तू पुसणं थांबवलंस. काही विचारलं नाहीस. मला वाटलं, विसरली पोर, सुटलो.

या कादंबरीचं मूळ स्टीफन किंगच्या स्वतःच्या घरात आहे. लेकीचं मांजर रस्त्यावर गाडीखाली मेलं, तेव्हा त्यालाही आधी वाटलं होतं की दिसलंच नाही म्हणून सांगावं. बायको म्हणाली, नाही, तिला हे सोसायलाच हवं. मग त्याने सांगितलं आणि पोर खूप रडली. कादंबरी लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच इतकी काळीकुट्ट वाटली की त्याने ती बाजूला ठेवून दिली. १९८३ साली ती छापून आली. त्याला सांगणारं कुणीतरी होतं. मला तुझी आई हेच सांगत होती, मी ऐकलं नाही.

एलीच्या आईचा, रेचेलचा, आधी मला राग आला. मरणाचा विषय निघाला की ही चिडते. मग कळतं, आठ वर्षांची असताना आजारी बहीण हिच्यासमोर गेली, तेव्हा घरात मोठं कुणीच नव्हतं. ते वाचलं आणि मला तू दिसलीस. मला साधा खोकला झालाय म्हटलं तरी फोनवर विषय बदलतेस. माझं वय, तपासण्या, काहीच ऐकून घेत नाहीस. हे कुठून आलं ते मला ठाऊक आहे बाळा. ते मी तुला दिलंय.

म्हणून आता सांगतो. आजी दवाखान्यात गेलीच नव्हती. ती पहाटे घरीच गेली, तू शेजारच्या खोलीत झोपली होतीस. तिने तुझी चौकशी केली. मी म्हटलं, उठवू का? ती म्हणाली, नको, झोपू दे तिला. तू उठायच्या आत आम्ही तिला नेलं. तुला शेवटचं बघू दिलं नाही, आणि ते माझ्या भित्रेपणामुळे. मला तुझं रडणं सोसवलं नसतं.

चष्मा माझ्या कपाटात आहे, दोरा तसाच. या खेपेला आलीस की तुझ्या हातात देईन. माझ्यावर रागव, हवं तेवढं रड, आणि त्या वेळी विचारायचं राहून गेलं असेल ते सगळं विचार. मी समोर बसून उत्तरं देईन.

तुझा,
बाबा