एरर १७

ठाणे, रविवार, रात्रीचे पावणेबारा

पक्या,

शिव्या नंतर घाल, आधी वाच. गणपतीनंतर तुला एक फोन नाही, वाढदिवसाला ग्रुपवर केकचा स्टिकर टाकला तेवढंच, माहितेय मला. पण आज जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाहीये. हिला सांगायला गेलो तर म्हणाली, "म्हणजे चालू झाला ना लॅपटॉप? मग झोप."

तर बाबांचा लॅपटॉप. २०१६ चा, विंडोज १० वाला. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट बंद केला, ११ काही ह्या प्रोसेसरवर चालत नाही, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, बाबा, विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून देतो, तासाभराचं काम. हसू नकोस. विंडोज ठेवायचंच होतं कारण सोसायटीचे सगळे हिशोब त्याच्यावर (हो, अजून सेक्रेटरी तेच, ७७ पूर्ण, सोडवत नाही).

पेनड्राइव्ह बनवला, एफ-१२ दाबतोय, कशावरून सुरू करायचं ते विचारणारा बूट मेनूच येईना. मग बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, गेलो आणि हात आपोआप आपल्या कॉलेजच्या सवयीवर गेला रे, बूट मोड 'लेगसी', म्हणजे सुरू व्हायची जुनी पद्धत, करून टाकला. खरं तर तिथेच एक ओळ वर 'एफ-१२ बूट मेनू: डिसेबल्ड' लिहिलेलं होतं, तेवढं बदललं असतं तरी भागलं असतं. पण पेनड्राइव्ह उठला, मिंट दिसलं, मी खूश. इन्स्टॉल जवळजवळ शेवटाला आलं आणि लाल गोळा, 'ग्रब-इन्स्टॉल फेल्ड, धिस इज अ फेटल एरर'. ग्रब म्हणजे चालू होताना कुठली सिस्टिम ते विचारणारा छोटा प्रोग्राम, तोच बसेना. रीस्टार्ट केला तर 'नो बूटेबल डिव्हाइस'. मिंट नाही, विंडोजही नाही. काळी स्क्रीन आणि मागे बाबा उभे, हातात चहा. म्हणाले, "गेलं का?"

पक्या, अगदी तेच दोन शब्द, २००७ चे. तोच आवाज. पोटात गोळा आला माझ्या.

कारण नंतर डोक्यात आलं. विंडोज यूईएफआयवर (नवी बूट पद्धत), डिस्क जीपीटी (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, पाडायची नवी पद्धत), आणि मी पेनड्राइव्ह लेगसीत उठवलेला. लेगसीतल्या ग्रबला जीपीटीवर बसायला एक छोटं बायोस बूट पार्टिशन लागतं, ते नव्हतंच, मग बसणार कुठे? आणि लेगसी तसंच ठेवल्यामुळे विंडोज जिवंत असून मशीनला दिसेना. मोड परत यूईएफआय केला, पेनड्राइव्ह पुन्हा लावला आणि ह्या वेळी काही इन्स्टॉल न करता नुसती आतली डिस्क उघडून बघितली. सगळं होतं. 'मेंटेनन्स', 'लिफ्ट', 'पाण्याची टाकी', फोल्डरच्या फोल्डर.

आणि तेव्हा मला २००७ कळलं.

ती पोस्टाने फुकट मागवलेली उबुंटूची (हेही लिनक्सच) सीडी, इन्स्टॉल न करता थेट चालणारी, बाबांचा तो क्रीम कलरचा डबा, आणि स्क्रीनवर नुसतं 'एरर १७'. तू पार्टिशन हलवलं होतंस, ग्रबला त्याचं पार्टिशन उघडता येत नव्हतं, बास. तू ओरडत होतास, "थांब, लाइव्ह सीडी लावून आत बघू, डेटा असेल". मी काय काय बोललो तुला ते इथे लिहीत नाही. सीपीयू रिक्षात टाकला, स्टेशनजवळच्या दुकानात नेला, आणि त्याने विचारलं "डेटा पाहिजे का?" तर मी म्हटलं, डेटा गेलाय, फॉरमॅट मार. मी म्हटलं, पक्या. तू नाही. तीन वर्षांचे हिशोब बाबांनी महिनाभर जेवणाच्या टेबलावर बसून रजिस्टरमधून परत टाइप केले आणि मी सावंत्यापासून देसाई काकूंपर्यंत सगळ्यांना सांगत सुटलो की पक्याने उडवलं. तुझ्या लग्नात स्टेजवरसुद्धा सांगितलं.

बाबांना आज हे सांगितलं. चहा ठेवला, कपाटातून फाइल काढली. पावती. 'फॉरमॅट व विंडोज, रु. ३५०'. जपून ठेवलीये! म्हणाले, "सोसायटीच्या खर्चात नाही घातली." मी म्हटलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? "तुमचं परत जमलं होतं ना, मग कशाला."

पुढचं ऐक, गंमत संपली नाही. यूईएफआयमध्ये नीट इन्स्टॉल झालं, एकही एरर नाही, रीस्टार्ट केला तर सरळ विंडोज. पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह मिंटमधून आतल्या मिंटमध्ये शिरून (सी-एच-रूट) ग्रब परत टाकला, तरी विंडोज. ई-एफ-आय-बूट-एम-जी-आर, ही बूटच्या नोंदी दाखवणारी कमांड, लावून बघितलं, नोंद होती (मिंट तिथे 'उबुंटू' नावानेच बसतं, मी आधी शोधतोय मिंट मिंट), पण मशीन ढुंकून बघेना. शेवटी बायोसमध्ये सिक्युअर बूटखाली (अनोळखी फाइलीवरून बूट रोखणारी सोय) सापडलं, यूईएफआय फाइल 'ट्रस्टेड' करायची. पण ती ओळ राखाडी! सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय ती उघडतच नाही. ही काय पद्धत झाली का? पासवर्ड ठेवला, ईएफआय, मग उबुंटू, मग ती शिमची फाइल (ग्रबला सुरू करणारी) निवडली, क्रम वर आणला, आणि साडेअकराला ग्रबचा मेनू आला. मिंट, विंडोज, दोन्ही. बाबा तोपर्यंत झोपले.

तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. आईचं मोतीबिंदूचं झालं का? चिनूची दहावी ना यंदा, तिला सांग काका विसरला नाहीये. फ्लॅटचं पझेशन मिळालं की अजून तारीखच देतायत?

ठाण्यात कधी येतोस ते कळव. मामलेदारची मिसळ माझ्याकडून, तिखट, आणि सावंत्यालाही बोलावतो, त्याच्यासमोर सांगायचंय मला.

आणि हो, तो सुपरवायझर पासवर्ड 'एरर१७' ठेवलाय. हा विसरला तर नुसत्या फॉरमॅटने सुटत नाही, म्हणून तुझ्याकडे लिहून ठेव.

मन्या