‘रक्तातच आहे’ या वाक्याबद्दल

प्रिय नंदा,

परवा फोनवर तू बोलता बोलता थांबलीस आणि म्हणालीस, “यांच्या घराण्याच्या रक्तातच आहे गं ते.” मग पटकन विषय बदललास. मीही गप्प बसले, कारण घाईघाईत दोन वाक्यांत संपवावा असा हा विषय नाही. माझी आई दादाबद्दल वर्षानुवर्षं हेच म्हणायची, आणि ते ऐकून ऐकून दादानं प्रयत्न करणं कसं सोडलं ते मी पाहिलंय. म्हणून सवडीनं लिहायला बसले.

तुझ्या दिराचा गांजा तीनदा सुटला आणि तीनदा पुन्हा सुरू झाला. आता तुझा जीव सोहमपाशी अडकलाय. पंधरा वर्षांचा पोरगा, चेहरा काकाचा, चुळबुळ्या स्वभावही काकाचाच. तुझी भीती मला कळते, आणि तुझ्या वाक्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. तथ्य बरंच आहे.

हे जुळ्यांवरून कळलं. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. वाढतात मात्र दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात. गांजाच्या बाबतीत एकबीज जुळी एकमेकांशी जास्त जुळतात, म्हणजे जनुकांचा वाटा आहे. अशा अनेक अभ्यासांची २०१० साली एकत्र मोजणी झाली. गांजा निदान एकदा तरी घेणं, यात आनुवंशिक वाटा पुरुषांत ४८ टक्के आणि स्त्रियांत ४० टक्के निघाला. वापर त्रासदायक होण्यात तो ५१ आणि ५९ टक्के होता. अर्धा म्हण साधारण.

पण या ‘अर्धा’चा अर्थ बहुतेक लोक चुकीचा लावतात. दिराच्या व्यसनातला अर्धा भाग रक्तातून आला, असं ते सांगत नाही. सोहमला व्यसन लागण्याची शक्यता अर्धी, असं तर मुळीच नाही. हजारो माणसं घेतली, तर त्यांच्या त्यांच्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे अर्धा जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच. हा आकडा समूहाचा आहे. एका पोराच्या कपाळावर काय लिहिलंय ते त्यातून वाचता येत नाही.

मग ती जनुकं कुठली? मीही आधी एखादं ‘गांजाचं जनुक’ असेल असं धरून चालले होते. तसं काही नाही. २०१८ साली १,८४,७६५ लोकांच्या जनुकांची छाननी झाली. गांजा कधी घेतला होता का, या एका प्रश्नाशी जोडलेल्या, आनुवंशिक साखळीतल्या (डीएनएतल्या) फक्त ८ जागा सापडल्या. त्यातलं सर्वात ठळक जनुक सीएडीएम२. ते धोका पत्करण्याच्या वृत्तीशीही जोडलेलं आहे, म्हणजे ते माणसाच्या धाडसाबद्दल, उतावीळपणाबद्दल काहीतरी सांगतं. व्यसनाचा शोध वेगळा घेतला तेव्हा २०२० साली सीएचआरएनए२ आणि फॉक्सपी२ या जनुकांच्या आसपासच्या जागा पुढे आल्या. त्यातलं पहिलं मेंदूतल्या ज्या ‘ग्राहका’चा, म्हणजे पेशीवरच्या रासायनिक संदेश टिपणाऱ्या रचनेचा, भाग घडवतं, त्यावर तंबाखूतलं निकोटिनही काम करतं. २०२३ पर्यंत अभ्यासातली माणसं दहा लाखांवर गेली आणि जागा दोन डझनांच्या घरात. प्रत्येक जागेचा परिणाम चिमूटभर.

मला यातलं सर्वात मोलाचं वाटलं ते असं: गांजा घेऊन बघण्याची जनुकं आणि त्यात अडकण्याची जनुकं एक नाहीत. थोडी सामायिक आहेत, बरीच वेगळी. अडकण्याची बाजू नैराश्याशी आणि एडीएचडीशी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या त्रासाशी, जास्त जोडलेली दिसते. म्हणजे ज्याला आपण ‘नाद’ म्हणतो, त्याच्या मुळाशी कित्येकदा एक जुनं, कुणीच न विचारलेलं दुखणं असतं. दादाला शाळेत एका जागी बसवत नसे. त्याला त्यासाठी मार मिळाला, तपासायला कुणी नेलं नाही.

इथे माझंही एक सांगते. तुला हे कधी बोलले नाही. वसतिगृहात मीही दोनदा गांजा ओढला होता. छाती धडधडली, मरतेय की काय असं वाटलं, पुन्हा हात लावला नाही. पुढे कित्येक वर्षं मी ते माझ्या संयमाचं फळ समजले आणि दादाला तसं तोंडावर सुनावलंही. शरीराशरीरात केवढा फरक असतो हे मला फार उशिरा कळलं. यकृतातलं एक विकर (एन्झाइम) टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, मोडून काढतं. त्याचा मंद प्रकार ज्यांना आई आणि वडील दोघांकडून मिळतो, त्यांच्या शरीराला तोंडावाटे घेतलेल्या तेवढ्याच मात्रेतून सुमारे तिप्पट टीएचसी सोसावं लागतं. मेंदूतही आपलं स्वतःचं असंच एक द्रव्य असतं. ते १९९२ साली सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याला आपल्याच ‘आनंद’ शब्दावरून आनंदमाइड नाव दिलं. तेही सगळ्यांत सारख्या वेगानं मोडत नाही. मला भीती वाटली आणि दादाला निवांत वाटलं, यात आमची नीतिमत्ता किती होती? मला आता ते वाक्य परत घ्यावंसं वाटतं, आणि घ्यायला दादा नाही.

सोहमची जनुकीय तपासणी करून घ्यावी का, असं तू विचारलंस. माझं स्पष्ट मत: नको. या सगळ्या जागांची गोळाबेरीज करूनही एका मुलाबद्दल कामाचं भाकीत करता येत नाही, आणि तपासलेली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, त्यामुळे बाकीच्यांना ते गणित आणखीच सैल बसतं. एक कागद हातात येईल आणि तू त्या कागदाकडे बघून पोराकडे बघशील. त्यापेक्षा घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होता का, एवढं सासूबाईंना नीट विचारून घे. तसं असेल तर गांजा आणखी जपून दूर ठेवायला हवा, आणि ते डॉक्टरांनाही सांगायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचं आहे वय. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या ३११ जोड्यांचा एक अभ्यास २००३ साली आला. प्रत्येक जोडीत एकानं सतरा वर्षांच्या आत गांजा सुरू केला होता, दुसऱ्यानं नाही. लवकर सुरू करणाऱ्याला पुढे इतर अमली पदार्थांची किंवा दारूची समस्या होण्याची शक्यता त्याच्या जुळ्या भावंडापेक्षा २.१ ते ५.२ पट निघाली. घर तेच, आईवडील तेच, कित्येक जोड्यांत जनुकंही तीच. म्हणून सोहमला ‘आपल्या रक्तात आहे, सांभाळ’ असं धमकावू नकोस. ‘काकाला हे जड गेलं, तुलाही जाऊ शकतं, निदान अजून काही वर्षं थांब’ असं सांग. आणि त्याची चुळबुळ एकदा एखाद्या चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. ती लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही.

दिराबद्दल एकच. या वेळी त्यानं सोडला की पहिल्या एकदोन दिवसांत तो चिडेल, जेवणार नाही, रात्र रात्र जागेल. पहिला आठवडा सर्वात वाईट. दुसऱ्याच्या शेवटी बरंचसं ओसरतं, झोप आणि विचित्र स्वप्नं मात्र आणखी रेंगाळतात. हे शरीराचं आहे, खोड नाही. तेव्हा त्याच्या अंगावर कुणी ओरडू नये, एवढं बघ. रात्री तो जागा असेल तर भावजींना त्याच्याजवळ बसू दे, बोलले नाहीत तरी चालेल. आमच्याकडे कुणीच बसलं नव्हतं.

रविवारी फोन करते. सोहमला हे पत्र वाचायचं असेल तर वाचू दे, माझ्या वसतिगृहाच्या भागासकट.

तुझीच,
माधवी