‘आधी क्लास फाइल उघडा’ म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाइटबफर या जावाच्या क्लासच्या (बाइट साठवून ठेवणाऱ्या) फ्लिप या मेथडवर अडलेलं काम तुम्ही मार्गी लावून दिलंत, त्याबद्दल आमच्या सगळ्या टीमकडून मनापासून आभार. जावा ८ वर चालणाऱ्या जुन्या सिस्टिम अजून पुष्कळ आहेत आणि हा घोळ त्यांपैकी कुणालाही गाठू शकतो, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

लक्षण असं होतं: कोड जेडीके १७ वर (जावाचं डेव्हलपमेंट किट) कंपाइल केलेला, कंपायलरचे सोर्स आणि टार्गेट हे पर्याय दोन्ही ८. जार फाइल (कंपाइल केलेल्या क्लास फाइलींचा गठ्ठा) जावा ८ च्या सर्व्हरवर चढते, सुरूही होते आणि नेमक्या एका ओळीपाशी ‘नोसचमेथडएरर’ (अशी मेथडच नाही) येतो. तुम्ही पहिल्यांदा हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) क्लास फाइल उघडायला लावलीत. सुरुवातीचे चार बाइट सीए, एफई, बीए, बीई. पुढचे दोन मायनर व्हर्जनचे, त्यापुढचे दोन मेजरचे. तिथे ००३४, म्हणजे दशमानात ५२, म्हणजे जावा ८. तेव्हा व्हर्जन बरोबर होतं. ते चुकलं असतं तर क्लास लोड होतानाच ‘अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर’ आला असता.

खरं उत्तर जावापीने (क्लास फाइल उलगडून दाखवणाऱ्या साधनाने) दिलं. व्हर्बोज पर्याय लावून (खासगी मेथडही दिसाव्यात म्हणून ‘पी’ जोडायचा, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत) ती ओळ पाहिली, तर इनव्होकव्हर्च्युअल या मेथड बोलावणाऱ्या सूचनेच्या पुढे बाइटबफरचं फ्लिप आणि रिटर्न टाइपही बाइटबफर! जावा ८ मध्ये फ्लिप आहे ते बफर या पॅरेंट क्लासमध्ये आणि ते बफरच परत करतं. जावा ९ पासून बाइटबफरने ते स्वतःकडे ओव्हरराइड केलं (स्वतःचं वेगळं लिहिलं), बाइटबफर परत करणारं. जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारं यंत्र) मेथड शोधते ती नाव, पॅरामीटर आणि रिटर्न टाइप तिन्ही जुळवून, आणि हॉटस्पॉट ही नेहमीची जेव्हीएम हा शोध ती सूचना पहिल्यांदा चालते तेव्हाच घेते. म्हणून सर्व्हर सुरळीत सुरू होतो आणि नंतर पडतो.

सोर्स आणि टार्गेट हे पर्याय भाषेचे नियम आणि फाइलचं व्हर्जन ठरवतात, लायब्ररी मात्र १७ चीच वापरली जाते. बूटस्ट्रॅप क्लासपाथची (जावाची मूळ लायब्ररी कुठून घ्यायची ते सांगितलेलं नाही, अशी) वॉर्निंग बिल्डच्या लॉगमध्ये होती. ती वाचायचीच असते. रिलीज ८ हा पर्याय दिला की कंपायलर जावा ८ च्या लायब्ररीतल्याच मेथड ओळखतो. मग कुणी जावा ११ चं इजब्लँक (स्ट्रिंग कोरी आहे का ते पाहणारी मेथड) वापरलं तर तिथल्या तिथे कंपाइल एरर. मेव्हन या बिल्डच्या साधनात त्यासाठी मेव्हन डॉट कंपायलर डॉट रिलीज. त्यानंतर क्लीन करून बिल्ड, नाहीतर जुन्या क्लास फाइल मेव्हनच्या टार्गेट फोल्डरमध्ये राहू शकतात. बाहेरून घेतलेल्या जारना हा पर्याय लागू होत नाही, त्या वेगळ्या तपासाव्या लागतात. बिल्डला हात लावता येत नसेल तर आपल्या कोडमध्ये फ्लिपच्या आधी बफरमध्ये कास्ट केलं तरी भागतं.

नव्या मुलांसाठी तुम्ही दोन इंटची बेरीज करणारी मेथड उघडून दाखवलीत, त्याचे आभार वेगळे. १बी, १सी, ६०, एसी: चार बाइट. पहिला आकडा स्टॅकवर (तात्पुरत्या जागेत), दुसरा स्टॅकवर, बेरीज, परत. स्लॉट शून्यावर ‘धिस’ (तो ऑब्जेक्ट स्वतः) बसतो, म्हणून मोजणी एकपासून. बाइटकोड म्हणजे काय, हे एवढ्यात सगळ्यांना लख्ख दिसलं.

रिलीज ८ आता आमच्या मूळ पॉम फाइलमध्येच (मेव्हनची सेटिंग फाइल) आहे.

आपली कृतज्ञ,
बॅकएंड टीम