उजीजीची ओळख एका भेटीपुरती नको

महोदय,

पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियातील, टांगानिका सरोवराकाठचे उजीजी आपल्याकडे ठाऊक आहे ते १८७१ मध्ये पत्रकार स्टॅन्लीला तिथे संपर्क तुटलेले ब्रिटिश शोधक लिव्हिंगस्टन सापडले म्हणून. पण हे गाव त्याआधीच गजबजलेली बाजारपेठ होते. सरोवरापलीकडच्या काँगोतून होड्यांनी हस्तिदंत इथे उतरे आणि माणसेही. मग ताबोरामार्गे बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत हजारेक किलोमीटरची पायपीट. गुलामांच्या या वाटेचा इतिहास शोधकांच्या पराक्रमाखाली झाकला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

१८५८ मध्ये बर्टन आणि स्पीक हे ब्रिटिश शोधक उजीजीला पोहोचले, तेव्हा त्यांच्यासोबत सिदी मुबारक बॉम्बे होता. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस गुजरातेत वाढला आणि मुक्त होऊन आफ्रिकेत परतला. लिव्हिंगस्टन यांच्या मोहिमांत तर नाशिकजवळच्या शरणपूर मिशनमध्ये शिकलेले मुक्त आफ्रिकी तरुण होते. १८७३-७४ मध्ये लिव्हिंगस्टन यांचे पार्थिव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांतला जेकब वेनराइट या तरुणांपैकीच. नाशिककरांनाही हे क्वचितच माहीत असते!

१९१४ च्या सुमारास जर्मनांचा लोहमार्ग शेजारच्या किगोमाला पोहोचला आणि उजीजीचा व्यापार तिकडे सरकला. शाळेच्या पुस्तकांत शोधकांसोबत या वाटाड्यांची आणि हमालांची नावेही यावीत.

– एक वाचक, नाशिक